धड्याबाहेरचा प्रश्न

कावेरीनं कीबोर्ड टेबलावरून उचलून सरळ मांडीवर घेतला आणि वरून ओढणी पसरली, भाकरीच्या दुरडीवर फडकं टाकावं तशी.

“कुनीबी हात लावायचा न्हाई. काय विचारायचं ते मला सांगा. धड्यातलं असलं तरच लिहीन.”

“आन् तू कोन, कलेक्टर?” मागून वसंतानं विचारलं.

“हो.”



दर शनिवारी पुण्याच्या मॅडम सॅटेलाइटवरून वडीगोद्रीच्या शाळेत यायच्या. टीव्हीत दिसायच्या, इंग्रजी शिकवायच्या. पोरं मात्र त्यांना दिसत नसत, ऐकूही जात नसत. जे काही म्हणायचं ते शेजारच्या कॉम्प्युटरवर, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून पाठवायचं. कॉम्प्युटर एक आणि अख्खी दहावी त्याच्यावर.

मागच्या शनिवारी त्याचंच रामायण झालं होतं. एकानं राम राम घातला म्हणून दुसऱ्याचा घातला असं होत नाही, ही गावाची रीत. तेव्हा सगळ्या वर्गानं रांग लावून आपापला राम राम टाईप केला. भिवानं पुण्यातल्या थंडीची चौकशी केली. चांगुणानं विचारलं, ‘मॅडम, जेवलात का?’ तिथं मॅडमनी चष्मा काढला. “वडीगोद्री, हा वर्ग आहे, गावचा पार नाही.” आणि हा वर्ग बघणाऱ्या सगळ्या केंद्रांना, म्हणजे गावोगावच्या शाळांना, एकदमच सुनावलं: यापुढं फक्त धड्यातले प्रश्न. धड्याबाहेरचं एक अक्षर आलं, की त्या केंद्राचं लिहिणं वर्षभर बंद.

कावेरीला हे परवडणारं नव्हतं. तिनं आजवर असे झकास प्रश्न पाठवले होते की मॅडम दोनदा ‘छान, वडीगोद्री!’ म्हणाल्या होत्या. पण पडद्यावर नाव उमटायचं ते केंद्राचं. एकदा तरी मॅडमच्या तोंडून ‘छान, कावेरी!’ ऐकायचं, तेही भर वर्गात, एवढी एकच तिची हौस. लिहिणंच बंद पडल्यावर काय ऐकणार, कपाळ? म्हणून तिनं वर्गावरच्या बद्रीनाथ सरांच्या मागं लागून कीबोर्डचा ताबा मिळवला होता. चांगुणाला तर तिनं शेवटच्या बाकावर धाडलं होतं.

मॅडम पडद्यावर आल्या. हसल्या. ओठ हलायला लागले. आवाज मात्र नाही.

सरांनी टीव्हीच्या पाठीत थाप मारली, वायर हलवून बघितली, मग शेजारच्या केंद्रावरच्या सरांना फोन लावला.

“तुमच्याकडं पन मुकंच का? मंग लिहा की तुम्ही... आमचं कसं, आमचं तर मागंच झालंय!” फोन ठेवून ते म्हणाले, “समदीकडं असंच हाय. मॅडमनी माईकच चालू केला नसंल. पन भेवानं कोनीच लिहून न्हाई राह्यलं.”

मॅडम रंगात येऊन शिकवत होत्या. मध्येच त्यांनी काहीतरी विनोद केला आणि स्वतःच हसल्या. पडद्याखाली कुठल्याशा शहाण्या केंद्राचा निरोप उमटला: ‘समजलं मॅडम.’

आजचा धडा भाषांतराचा. कावेरीचे डोळे चमकले. तिनं लिहिलं, ‘मॅडम, “बाईंचा आवाज येत नाही” याचं इंग्रजी कसं करायचं?’

मॅडमनी वाचलं. खूश झाल्या. फळ्यावर वळणदार अक्षरात त्या वाक्याचं इंग्रजी लिहिलं, खाली रेघ मारली, आणि ओठांवरून दिसलं की ‘छान, वडीगोद्री’ असंही म्हणाल्या. मग पुढच्या वाक्याकडं वळल्या.

वर्ग फुटला. वसंता हसता हसता बाकाखालीच गेला.

“अगं सरळ लिही की, माईक बंद हाय म्हनून!” भिवा ओरडला.

“आन् वर्षभर काय, हात बांधून बसू?”

पडद्यावर मॅडम पाणी प्यायल्या, घसा चोळला आणि पुन्हा जीव तोडून बोलायला लागल्या. कावेरीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

“लिहिते,” ती म्हणाली.

“तसं एकदम नको लिहू.” शेवटच्या बाकावरून चांगुणा बोलली. मागच्या शनिवारपासून कॉम्प्युटरच्या बाबतीत तिनं तोंड उघडलं नव्हतं. “मानसाला त्याची चूक सांगायची तर आधी जेवलात का, इचारावं. मंग सांगावं. न्हाई तर लागतं त्याला.”

कावेरीनं मागं वळून तिच्याकडं बघितलं. मग लिहिलं, ‘मॅडम, जेवलात का? तुमचा माईक बंद आहे.’ आणि सरांकडं न बघता बटण दाबलं.

मॅडमचा हात गळ्याशी लावलेल्या माईकवर गेला. खट्.

“अगं बाई!”

एवढा मोठा आवाज आला की सर दचकले. मॅडम फळ्याकडं वळल्या. मघाचं वाक्य त्यांनी सावकाश, शब्द न् शब्द वाचलं. मग चष्मा काढला.



“वडीगोद्री,” मॅडम म्हणाल्या, “नाही जेवले अजून. घाईत डबाच राहिला घरी. कोण विचारतंय हे?”

 कावेरीचं बोट आपसूक स्वतःच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर जाऊन बसलं. बसलं आणि तिथंच राहिलं. मग तिनं ते उचललं, आणि ‘चांगुणा’ लिहिलं.

“चांगुणा,” मॅडम म्हणाल्या. साऱ्या केंद्रांवर खणखणीत ऐकू गेलं. “आणि तू गं? जेवलीस?”

चांगुणा ताडकन उठली. टीव्हीकडं बघून तिनं हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाली, “जेवले मॅडम. भाकर आन् मेथीची भाजी.”

टीव्हीला कुठलं ऐकू जायला. कावेरीनं मान खाली घालून तेही टाईप केलं.