रिकामं म्हणून विकलेलं यंत्र

संशोधन संस्थेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन तोंडावर आलं होतं आणि जुन्या प्रयोगशाळा अजून भंगाराने गच्च भरलेल्या होत्या. कंडेम, म्हणजे निकामी ठरवलेल्या प्रत्येक यंत्राचा निकाल लावायचं काम प्रमोदिनी खांडेकरांकडे होतं. दिल्लीत सरकारी नोकरीत त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. लिलाव त्यांना नवे नव्हते.

श्रीरंग देसाई सरांच्या विभागातलं जुनं निर्वात यंत्र तेवढं त्यांना खटकत होतं. त्याच्या पोटात लोखंडी टाकी होती आणि टाकीत पूर्वी पारा असायचा.

"सर, पारा काढलाय ना?"

"अगं, कधीच काढला. बिल्कुल रिकामं आहे. ने एकदाचं."

सरांचा शब्द म्हणजे प्रमोदिनीबाईंना घरच्या माणसाचा शब्द. दिल्लीत नवख्या असताना त्या त्यांच्याच करोल बागेतल्या घरी राहिल्या होत्या. सरांच्या पत्नी कुमुदवहिनींनी त्यांना सख्ख्या नणंदेसारखं सांभाळलं होतं. बाईंनी टाकी उघडून न पाहताच कागदांवर सही केली. फरीदाबादच्या भंगारवाल्याचा ट्रक यंत्र घेऊन गेला.

दोन दिवसांनी बाई त्या रिकाम्या खोलीला कुलूप लावायला गेल्या. यंत्र जिथून ओढत नेलं होतं तिथे, फरशीच्या भेगांत, पाऱ्याचे चकचकीत मणी अडकले होते. थेट दारापर्यंत. त्यांनी तिथूनच सरांना फोन लावला.

"थेंब दोन थेंब राहतातच," सर म्हणाले. "आता उगाच उकरून काढू नकोस."

त्यांच्या आवाजातली घाई बाईंना पुरेशी होती. टॅक्सी करून त्या तडक फरीदाबादला गेल्या.

भंगारवाला सतबीर खुशीत होता. "मॅडम, उसमें से तो चांदी जैसा पानी निकला!" पत्र्याच्या शेडमध्ये एका प्लास्टिकच्या बादलीत त्याने पारा जपून ठेवला होता. उरलेली टाकी महेंदर नावाच्या कामगाराने गॅस कटरने कापली होती. आत चिकटलेल्या पाऱ्याची वाफ त्या बंद शेडमध्ये कोंडली असणार.

"महेंदर कुठे आहे?"

"घर पे. बुखार है, खांसी है. मौसम ही ऐसा है, मॅडम."

बादलीला कुणी हात लावायचा नाही, असं बजावून बाई मागच्या वस्तीत गेल्या. महेंदर खाटेवर बसून धापा टाकत होता. आडवं झालं की श्वास कोंडायचा. त्याची बायको चंपा त्याची पाठ चोळत होती. बाईंनी दोघांना टॅक्सीत घातलं आणि इस्पितळ गाठलं.

"पाऱ्याची वाफ गेलीय छातीत," त्यांनी डॉक्टरांना सांगितलं.

"पारा आला कुठून?" डॉक्टरांनी हिंदीत विचारलं. "पोलिसांना कळवावं लागेल."

बाईंच्या डोळ्यांसमोरून कुमुदवहिनींचा चेहरा गेला. मग त्यांनी संस्थेचं नाव सांगितलं आणि स्वतःचंही.

दुसऱ्या दिवशी सर इस्पितळात आले. बाईंना जिन्यात गाठून दबक्या आवाजात म्हणाले, "भंगारात शंभर ठिकाणचा माल असतो, प्रमोदिनी. पारा आपलाच होता कशावरून? माझी निवृत्ती चार महिन्यांवर आलीय. कुमुदकडे तरी बघ."

"तुम्हाला माहीत होतं, सर?"

त्यांनी नजर चुकवली. "पारा काढणारी माणसं बाहेरून बोलवावी लागली असती. उद्घाटन लांबलं असतं. वरून रोज फोन येत होते."

"आत चला. एकदा बघून घ्या त्याला."

सर दारातच थबकले. नाकाला नळी लावलेल्या महेंदरला वाटलं, मोठे डॉक्टर आले. नमस्कारासाठी त्याने हात उचलले, पण ते इतके थरथरत होते की जुळेचनात. चंपाने पुढे होऊन ते जुळवून दिले. सर उंबऱ्यावरूनच मागे फिरले.

चौकशीत सरांनी खरं तेच सांगितलं. त्यांची निवृत्ती निलंबनातच झाली. न पाहता सही केली म्हणून प्रमोदिनीबाईंची बढती अडली. त्यांनी तक्रार केली नाही. गणेशोत्सवात महाराष्ट्र मंडळात कुमुदवहिनी समोर आल्या तेव्हा बाई म्हणाल्या, "वहिनी..."

"बोलू नकोस," वहिनी म्हणाल्या. "ते रात्ररात्र जागे असतात. तू बरोबर वागलीस, ठाऊक आहे मला. पण माझ्याच्याने नाही व्हायचं बोलणं."

महेंदर वाचला. हातांचा कंप मात्र गेला नाही. कटर धरणं संपलं. हिवाळ्यात बाई वस्तीत गेल्या तेव्हा तो दारात ऊन खात बसला होता आणि चंपा सतबीरच्या शेडमध्ये होती. कुठल्याशा कॉलेजातून आलेल्या मोडक्या यंत्रांचा ढीग समोर होता आणि ती उघड्या हातांनी त्यांतल्या तारा ओढून काढत होती.

"चंपा, हे कुठून आलंय? आत काय होतं, विचारलंस?"

"किससे पूछूं, दीदी?" ती म्हणाली आणि पुढची पेटी तिने जवळ ओढली.

बाईंनी पदर खोचला, तिच्याशेजारी उकिडवं बसून ती पेटी तिच्या हातातून काढून घेतली आणि झाकण उघडायच्या आधी सतबीरला हाक मारली.