आरूची पेटी

मैनानं सासऱ्याच्या खताच्या खोलीत ब्यूटी पार्लर काढलं, तेव्हा गावाला कीव आली ती खोलीची. भिंतींनी युरियाचा वास सोडला नव्हता. त्यावर गुलाबपाणी शिंपडलं की असा काही तिसराच वास उठायचा, की आलेली बाई आधी शिंकायची आणि मग खुर्चीत बसायची. शेजारच्या ओट्यावर लसूण सोलत बसलेली आक्काबाई येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, "आधी हितं युरिया मिळायचा, आता पावडर मिळती. काम एकच. वरून हिरवंगार, मुळाशी बोंब."

मैना ऐकून घ्यायची. सायखेड्याच्या अलीकडचं हे गोदाकाठचं गाव तिनं सून म्हणून येऊन चांगलं चाळून घेतलं होतं. कांदे उपटून आलेल्या बाया, नखांत माती, पदर तोंडावर ओढून मागच्या दारानं यायच्या. कोण भुवया कोरायला आली, कोण नुसती पंख्याखाली टेकायला आणि कोण शेजारणीनं तोंडाला काय काय लावून घेतलं ते विचारायला, हे मैना चपला काढायच्या पद्धतीवरून सांगायची.

पण खरं दुकान उभं केलं ते आरोहीनं. समोरच्या वत्सलाबाईची एकुलती पोर, आळीची आरू. लग्न ठरलं तेही गावातच, खालच्या आळीला. आपला चेहरा मैनाच्या हाती द्यायला कुणी धजत नव्हतं, तेव्हा हीच पाय हलवत खुर्चीत येऊन बसली.

"माझ्यावर शिक, वहिनी. बिघडली तरी नवरा काय दचकनार नाय. शाळेपासून बघतोय तो मला."

मैना नाशिकला मेनरोडवर जाऊन नवरी सजवायची पेटी घेऊन आली. आरोहीला मरून रंगाची लिपस्टिक लावली, खोपा घातला. मांडवात पोर उभी राहिली तशी जेवणाच्या पंगतीत वाढपी वाढायचे थांबले. दुसऱ्या दिवसापासून बाया पुढच्या दारानं यायला लागल्या. तुळशीच्या लग्नानंतरच्या तिथी मैनाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात लाल गोलांनी भरून गेल्या. नवरा शेखर ट्रॅक्टर चालवायचा. तोसुद्धा पारावर बसून "आमच्या मॅडमला टाइम नाय" असं सांगायला लागला. आरोही येताजाता ते गोल बघायची आणि म्हणायची, यातला निम्मा धंदा माझ्या तोंडाचा हाय.

पुढच्या वर्षी दिवाळी झाली आणि आरोही तापली. आधी गावच्या डॉक्टरनं सुई दिली, मग सायखेड्याला नेलं, मग नाशिकला. डेंगू म्हणाले. एका सकाळी रुग्णवाहिका गावात शिरली ती भोंगा न वाजवता, आणि आळीतल्या बायांनी चुली तशाच सोडल्या.

सवाष्ण गेलेली. न्हाऊ घालायचं, हिरवं लुगडं नेसवायचं, चुडा भरायचा, मळवट भरायचा, ओटी भरायची. हे सगळं बायांना पाठ. तरी वत्सलाबाई समोरून चालत आली आणि पार्लरच्या उंबऱ्यात उभी राहिली. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता.

"मैना, तिच्या तोंडाकडं बघवत नाय गं. लग्नात केली व्हती तशी कर."

मैनाचा हात फळीवरच्या पेटीकडं गेला. ती दारातून निघणार तोच आक्काबाईनं वाट अडवली. तिनं आवाज खाली घेतला. आक्काबाईचा आवाज खाली येणं हेच गावात नवल.

"पोरी, हळदी-कुंकवावर भागव. ही पेटी दुकानाची हाय. उद्या ह्याच ब्रशानं तुला नवऱ्या रंगवायच्यात. हे गाव रडंल तुझ्यासंगट, पन ध्यानात ठिवंल."

"हळदीनं दवाखान्यातल्या चिकटपट्टीचे वळ झाकतील का, आक्का?"

आक्काबाई बाजूला झाली.

मैनानं वळ झाकले. नाकाखालची नळीची खूण झाकली. फुटलेल्या ओठांना आधी तूप लावलं, ते मुरू दिलं, मग तीच मरून लिपस्टिक लावली. सगळा वेळ तिनं श्वास धरून ठेवला होता. डोळ्यातलं पाणी पडलं की रंगाला चरे पडतात, हे तिला ठाऊक होतं. भोवतीच्या बाया हंबरडा फोडत होत्या. त्यांतल्या वेदिकाच्या आईनं, पोरीच्या लग्नाचा गोल मैनाच्या कॅलेंडरात घालून गेलेल्या बाईनं, तर आरूच्या खोप्यातला गजरा स्वतःच्या हातानं नीट केला आणि म्हणाली, जित्ती वाटती गं, आत्ता हसंल. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला. घाटावरची चिता विझायच्या आधी तो सायखेड्याच्या पुलापलीकडं पोचला होता.

तेरावं झालं आणि लाल गोल गळायला लागले. खरं कारण कुणीच सांगेना. एकीच्या पोरीला पावडरनं पुरळ येत होतं. एकीची नणंद नाशिकहून बाई आणणार होती. एकीचं तर लग्नच पुढं ढकललं होतं, आणि त्याच तिथीला तिच्या दारात मांडव पडला, तो मैनाच्या खिडकीतून दिसत होता.

शेखर बिचारा नाशिकला जाऊन नवी कोरी पेटी घेऊन आला. जुनी गोदेत सोडून ये म्हणाला, आणि चारचौघांत सांग. मैनानं नवी पेटी आरशापुढं मांडली. जुनी मात्र सोडवेना; खताच्या रिकाम्या गोण्यांमागं ठेवून दिली. वेदिकाचं लग्न तोंडावर आलं होतं. तिची आई येऊन नवी पेटी उघडून बघून गेली. जाताना तिनं मैनाच्या पाठीवरून हात फिरवला आणि लय मायेनं म्हणाली, "पेटी नवी घेतली, बरं केलंस. पन हात तर तेच ना, बाई?"

दुसऱ्या दिवशी मैना कांद्याच्या लागणीला गेली. गार चिखलात रोपं खोचताना ती आपल्या बोटांकडं बघत राहायची. गावाला हीच बोटं कांद्याला चालत होती.

पौषात एका दुपारी आक्काबाई बोचकं काखेत घेऊन पार्लरात आली आणि धपकन खुर्चीत बसली. बाहेर ओट्यावर तिचा म्हातारा, खंडेराव, तंबाखू मळत टेकला.

"बुकिंग घेती का?"

"कुनाचं, आक्का?"

"माझं. मी म्हाताऱ्याच्या आधी जानार हाय, ठरलंय आमचं. गेले की तू सजवायचं."

मैना कॅलेंडरापाशी गेली आणि सवयीनं विचारून बसली, "तारीख?"

"ती वरून कळंल," आक्काबाई म्हणाली. "पन मेल्यावर मला आरशात दिसायचं नाय. म्हून आज करून दाव. आमच्या टायमाला पाच बहिनींची लग्नं एका मांडवात. माझी पाळी येस्तवर हळदसुद्धा सरली व्हती."

मैनानं नवी पेटी उघडली. आक्काबाईनं ती कोपरानं सारली.

"ही नगं. आरूची काढ."

गोण्यांमागून पेटी निघाली. लिपस्टिकचं टोक आरूच्या ओठांवर तिरकं झिजलं होतं, तसंच होतं. अंत्यविधीच्या दिवसापासून मैनानं धरून ठेवलेला श्वास तिथं सुटला, आणि ती आक्काबाईच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. म्हातारीनं रडू दिलं. मग म्हणाली, "रड हवं तेवढं. पन कुंकू वाकडं लावू नगं. मला आळीतनं चालत जायचंय."

आणि ती गेली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, मरून ओठ. मागून खंडेराव काठी टेकत, वरातीतल्या नवऱ्यासारखा अवघडून. ओट्याओट्यांवरच्या बाया तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. वेदिकाची आई घरात शिरली.

समोरच्या ओट्यावर वत्सलाबाई होती. आरू गेल्यापासून तिनं कुणाकडं मान वर करून बघितलं नव्हतं. तिची नजर आधी आक्काबाईच्या पायांवर आली, मग हळूहळू ओठांवर गेली आणि तिथंच थांबली. ती उठली, खाली आली. आक्काबाईच्या सुरकुतीत रंग थोडा ओघळला होता, तो तिनं पदराच्या टोकानं टिपला. मग तो पदर मुठीत धरून ती घरात गेली.

मैना दारात उभी होती. कॅलेंडरात पुढची सगळी पानं कोरी होती. तिनं पेटी बंद केली, आणि गोण्यांमागं न ठेवता आरशापुढं ठेवली.