बेचाळीस डिग्रीच्या कव्हरचा फोटो

लुंबिनी आप्पांना आप्पाच म्हणायची, हे दामिनीला पहिल्या दिवसापासून खुपत होतं. काका म्हण, सर म्हण. नांदेडच्या पोरीनं लातूरच्या फोटोग्राफरला आप्पा का म्हणावं? पण दामिनीच्या वडिलांनीच, मल्लिनाथ आप्पांनीच, तसं म्हणू दिलं होतं.

गाणारी लुंबिनी, गिटारवाला आदिनाथ आणि ड्रम बडवणारा हणमंत असे तिघं काही वर्षांपूर्वी स्टुडिओत आले, ते गॅदरिंगच्या पोस्टरसाठी. बँडचं नाव 'बेचाळीस डिग्री'. आप्पांनी त्यांना साखरपुड्याच्या पाहुण्यांसारखं खुर्च्यांवर बसवलं, हात मांडीवर ठेवायला लावले आणि मग स्वतःच हसत सुटले. "चला, बाहेर जाऊ," म्हणाले. ते जे बाहेर पडले ते पुन्हा स्टुडिओत फारसे रमलेच नाहीत. कापसाची बंद पडलेली जिनिंग, गोदावरीचं कोरडं पात्र, अहमदपूरच्या पुढचा माळ. दामिनीनं सोबत येऊ का विचारलं, की म्हणायचे, "लग्नाचे अल्बम आहेत ना गं. ते कोण करणार?"

ती अल्बम करायची. आप्पा परत आले की कॉम्प्युटरवर फोटो उघडायचे, आणि ती खुर्चीमागं उभी राहून लुंबिनी बघायची. उन्हात डोळे बारीक केलेली लुंबिनी, केसांत धूळ बसलेली लुंबिनी. एखाद्या माणसाकडं इतक्या सावकाश बघता येतं, हे दामिनीला त्या फोटोंमुळं कळलं. तिचे स्वतःचे, आप्पांनी काढलेले फोटो म्हणजे परीक्षेच्या फॉर्मवरचे. कान दिसले पाहिजेत, एवढीच त्यांची अट.

आप्पा गेले तेव्हा लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना बसतं केलं, कपाळभर विभूती लावली. बसलेल्या आप्पांचा फोटो काढायचं काम दुसऱ्या कुणाला सांगणार? दामिनीनंच काढला. डोळे भरले तर फोकस जाईल म्हणून तिनं आवरलं, आणि ते आवरलेलं नंतर सुटलंच नाही. लुंबिनी मात्र पुढ्यात बसून मोकळेपणानं रडत होती. जळकोटहून आलेल्या, लांबच्या नात्यातल्या एका बाईनं दामिनीच्याच कानाशी लागून विचारलं, "ती थोरली लेक का?"

आता बँडचा पहिला अल्बम निघायचा होता. कव्हरसाठी आप्पांचा एक फोटो ठरला होता: जिनिंगच्या भिंतीला टेकलेली लुंबिनी. दामिनीनं आपणहून फोन केला. "एकदा मी काढून बघते. आवडला तर लावा, नाहीतर आप्पांचा आहेच." आवाज तिनं सरळ ठेवला. मनात एकच होतं. आप्पांचा तो फोटो कव्हरवरून उतरला पाहिजे, आणि तो आपल्या हातानं उतरला पाहिजे.

जागा तिनं निवडली, नायगावच्या बाहेरची दगडांची बंद खदान. तिथं आप्पा कधी गेले नव्हते.

"ड्रम इतक्या खाली उतरवायचं डोकं कुणाचं?" हणमंत धापा टाकत म्हणाला. "मी कलाकार हाय का हमाल?"

"ड्रम वाजवतोस तेव्हाबी हाच प्रश्न पडतो बघ," आदिनाथ म्हणाला.

"आप्पा असते तर एक तरी त्यांनी उचलला असता," लुंबिनी हसत म्हणाली.

दामिनीनं तिला आदिनाथच्या मागं उभं केलं. मग आणखी थोडं मागं. लुंबिनी सरकत गेली.

ऊन तिरपं झालं होतं, दगडांच्या कडा उजळल्या होत्या. सगळं जागच्या जागी होतं आणि फोटो मात्र निर्जीव येत होते. तिघं एसटीची वाट बघत असल्यासारखे दिसत होते. दामिनीनं त्यांना बसवलं, उठवलं, वाजवायला लावलं, थांबवलं. शेवटी तिनं कॅमेरा खाली केला. "झालं," म्हणाली, आणि लेन्स बदलायला बॅगेकडं वळली.

मान वर केली तर समोर दुसरीच माणसं. खांदे सैल पडलेले, चेहरे उघडे, तिघांची नजर थेट तिच्यावर. कशाची तरी वाट बघत होते. हणमंतच्या ओठांवर तर हसू येऊन थांबलेलं. मग एकेकाच्या चेहऱ्यावरून ते वाट बघणं ओसरायला लागलं. लुंबिनीच्या चेहऱ्यावरून सगळ्यात शेवटी. दामिनीनं जुन्या लेन्सवरच कॅमेरा उचलला आणि बटण दाबलं.

"काय झालं होतं तुम्हाला?"

"तुम्ही झालं म्हणालात ना," आदिनाथ ओशाळून म्हणाला.

"आप्पा झालं म्हणायचे अन् खरा फोटो तवाच काढायचे," हणमंत म्हणाला. "आमाला ठाव झालतं. मंग आमीबी झालं म्हणेस्तोवर टाइमपास करून राहायचो. आजबी तसंच थांबलो, अन् मंग ध्यानात आलं, आप्पा न्हाईत."

ही युक्ती दामिनीला माहीत होती. अवघडलेल्या नवरदेवांसाठी आप्पा ती वापरायचे. आप्पा आणि या तिघांत तिचा खेळ झाला होता, हे तिला माहीत नव्हतं.

चौघं कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर वाकले.

"हाच," आदिनाथ म्हणाला.

"आप्पांना हा आला नसता," लुंबिनी हळूच म्हणाली. "ते असते तर आम्ही असे दिसलोच नसतो."

म्हणजे जिंकलो, दामिनीच्या मनात आलं. पण पडद्यावरून नजर हलेना. लुंबिनीच्या चेहऱ्यावर जे होतं, ते ती इतके दिवस स्वतःच्या चेहऱ्यावर शोधत होती. आप्पा माझे, आणि त्यांच्या जाण्याचं दुःख हिच्या तोंडावर कसं नितळ उतरलं आहे. फोटोचा हेवा संपला होता. आता तिला या चेहऱ्याचा हेवा वाटत होता, आणि तो कुठल्याही लेन्सनं उतरवता येणारा नव्हता.

"ताई," लुंबिनी म्हणाली, "कव्हरच्या मागं लिहू का, आप्पांच्या आठवणीत म्हणून? आमच्या तिघांकडून?"

हो म्हणणं सोपं होतं. दामिनीनं लेन्सवर झाकण बसवलं.

"नको," ती म्हणाली. "माझं नाव लिही. पूर्ण लिही, दामिनी मल्लिनाथ. त्यात ते येतात."

लुंबिनीनं मान खाली घातली. दामिनीला ते दिसलं. तिनं बॅगेची चेन ओढली आणि हणमंतला म्हणाली, "चल, ड्रम वर न्यायचेत ना. एक मला दे."