पटलं तर घ्या

“शेवटचं सांगतो, मास्तर. पटलं तर घ्या, नाहीतर सोडा,” शर्टांच्या कारखान्याचा मालक म्हणाला. “कापड कापायला मशीन आलंय. तुमच्यासाठी धागे कापायच्या बाकावर एक जागा आहे. उद्या सकाळी सांगा.”

कटिंग मास्तर सव्वीस वर्षं कापडाच्या थप्पीवर खडूने रेघा मारत आला होता. धागे कापणं म्हणजे शिवून झालेल्या शर्टांची लोंबती टोकं छाटणं. नवख्या बायकांचं काम. तो बाहेर पडला आणि संध्याकाळी घरी आला.

“सोडून द्या की,” बायको म्हणाली. “तुमच्यासारखा हात आहे का कुणाचा?”

“येताना तीन ठिकाणी विचारलं. सगळीकडे मशीन.”

“मग?”

“मग काय! घ्या नाहीतर सोडा म्हटलं, की वाटतं समोर दोन वाटा आहेत. पण सोडायला आधी दुसरीकडे पाय ठेवायला जागा लागते. मीसुद्धा हाताखालच्या बायकांना हेच ऐकवायचो. वाटायचं, विचारतोय की मी त्यांना!”

बायकोने त्याचं ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी तो बाकावर जाऊन बसला. शेजारच्या बाईला तो ओळखत होता. पाच वर्षांपूर्वी तिची मुलगी तापाने फणफणली होती आणि तिने अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली होती. ‘थांबायचं तर थांब, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस,’ असं त्याने सुनावलं होतं. ती थांबली होती. पुढे काय झालं, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

“तुझी मुलगी... केवढी झाली आता?” त्याने चाचरत विचारलं.

तिची कात्री थांबली. “आठ वर्षांची. त्या तापात तिचा एक कान गेला. शाळेत पुढे बसवतात तिला.”

बराच वेळ तो तोच शर्ट उलटसुलट करत राहिला. शेवटी तिनेच त्याच्या बोटांतली छोटी कात्री नीट केली.

“अशी धरा, मास्तर. नाहीतर अंगठा सोलवटतो.”

दुपारी त्याला तहान लागली. तो अर्धवट उठला, घुटमळला, परत खाली बसला. मग बाकावरच्या बायका करत तसा त्याने हात वर केला आणि सुपरवायझरचं लक्ष जाईपर्यंत तो तसाच धरून ठेवला.