रुमालाखालचा रेकॉर्डर

मी एक रेकॉर्डर. मुठीत मावणारा, डोक्यावर दोन माइक असलेला. ऐकलेलं जपून ठेवायचं, एवढंच माझं काम. नेमकं हवं तेव्हा तेच मला जमलं नाही, आणि त्याची टोचणी अजून जात नाही.

मला घेतलं एका चष्मेवाल्या काकांनी. त्यांची बायको गाणारी. तिच्या घशात गाठ निघाली होती. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, आवाज राहील याची खात्री मात्र दिली नाही. त्याआधीच्या रविवारी दुपारी तिची मैफल होती. काकांना ती जपून ठेवायची होती.

दुकानात त्यांनी चार माइक, मिक्सर, वायरी, सगळंच मागितलं. दुकानदार म्हणाला, "काका, पहिल्यांदाच करताय ना? मग पसारा नको. हा एक डबा, स्टँड आणि हेडफोन घ्या. पहिल्या रांगेपुढे मधोमध उभा करा. फक्त एक लक्षात ठेवा. बटण एकदा दाबलं की दिवा लुकलुकतो, म्हणजे हा नुसता तयार. पुन्हा दाबलं की दिवा स्थिर होतो, तेव्हा रेकॉर्डिंग सुरू."

आठवडाभर काका माझ्यापाशीच. "अहो, त्या डब्याशीच संसार करा आता!" आतून तिचा आवाज यायचा.

मैफलीला काकांनी बटण एकदा दाबलं, हेडफोन लावला. नुसता तयार असतानाही मी ऐकवतोच, त्यामुळे तिचा आवाज कानात खणखणीत आला. बिचाऱ्यांना वाटलं, झालं काम. दिवा तिच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून त्यांनी माझे माइक तेवढे मोकळे ठेवून बाकी अंगावर रुमाल टाकला. मग हेडफोन काढून खुर्चीत बसले आणि डोळे पुसत ऐकू लागले.

काय गायली हो ती! दोन तास मी एकेक सूर ऐकत होतो, आणि एकही धरून ठेवता येत नव्हता. रुमालाखाली जिवाच्या आकांताने लुकलुकत होतो. कुणाला दिसणार?

घरी काकांनी पुन्हा पुन्हा शोधलं, माझ्यात काहीच सापडेना. तिला सांगायची छाती झाली नाही. "छान आलंय गं," एवढंच म्हणाले.

ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. महिन्याभराने तिने कागदावर लिहिलं, "लावा ना आता."

"अगं, नाही झालं गं रेकॉर्ड," काका ढसाढसा रडले. "मीच माती खाल्ली. बटण एकदाच दाबलं."

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. खांदे हलत होते, आवाज नव्हता. मग तिने मला उचललं, बटण दोनदा दाबलं, दिवा स्थिर झालाय ना ते बघितलं, मला त्यांच्यापुढे धरलं आणि लिहिलं, "तुम्ही तर ऐकलंत ना? मग सांगा, मी कशी गायले."

काका नाक ओढत, अडखळत सांगत राहिले. "पहिलं गाणं जरा घाबरतच धरलंस बघ..."

आता दोघंही नाहीत. घर रिकामं झालं आणि मी जुन्या वस्तूंच्या दुकानात आलो. नवशिक्या कुणी असाल तर मला खुशाल घ्या, अजून चांगला चालतो. माझ्यात एकच रेकॉर्डिंग आहे. त्यात गाणं नाही. एक नवरा बायकोला तिचं गाणं सांगतोय. तेवढं पुसू नका हो.