चोवीस किलोची जोडी

थोरलीच्या पर्समध्ये लिपस्टिक नसायची, जाडी मोजायचा व्हर्नियर असायचा. वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत सोळा वर्षं काढल्यावर तिला वस्तूवर छापलेला कुठलाही आकडा ही नुसती अफवा वाटायची. म्हणून धाकटी म्हणाली, "ताई, वजनं घ्यायला तू चल. मला कोणीही गंडवेल," तेव्हा थोरलीला आतून बरंच वाटलं होतं.

धाकटीला अग्निशमन दलात जायचं होतं. लेखी परीक्षा झाली होती. राहिली होती ताकदीची चाचणी: दोन हातांत चोवीस-चोवीस किलोच्या केटलबेल, म्हणजे वर कडी असलेले लोखंडी गोळे, धरून साठ मीटर चालायचं, मध्ये एकदाही खाली टेकवायच्या नाहीत. चाचणीला चार महिने होते आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी धाकटीचं वय अटीबाहेर जाणार होतं. म्हणजे दुसरी संधी नाही. जिमची फी झेपणारी नव्हती, आणि फी झेपली असती तरी आईला एकटं कोण ठेवणार? दोन वर्षांपूर्वी आईची डावी बाजू गेली. तेव्हा धाकटीने कुरिअरच्या गोदामातली नोकरी सोडली. घर थोरलीच्या पगारावर चालायचं आणि आई धाकटीच्या हातांवर. तेव्हा व्यायाम घरीच व्हायला हवा होता, आणि तोही स्वस्तात.

बंद पडलेल्या जिमचं सामान विकणारा माणूस एका गोदामात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला असायचा. खुर्ची त्याला पुरत नव्हती.

"या, या. कोणासाठी? वजन कमी करायचंय का?" त्याने थोरलीकडे बघून विचारलं.

"तुमच्याकडे बघून नको वाटतंय," थोरली म्हणाली.

धाकटी हसून लोटपोट झाली. तोही हसला. गिऱ्हाईक पक्कं आहे हे त्याने ओळखलं.

थोरलीने तासभर काढला. प्लास्टिकच्या रंगीत केटलबेल सगळ्यात स्वस्त होत्या, पण तिने त्यांवर किल्लीने टकटक करून पाहिलं, आवाज मेलेला. "आत सिमेंट आहे. एकदा आपटली की आतून खुळखुळा होईल. शिवाय सिमेंट लोखंडाहून हलकं, म्हणून गोळा एवढा मोठा. चालताना मांडीवर आदळत राहील." तबकड्या चढवून वजन वाढवायचे डंबेल्सही तिने बाजूला सारले. त्यांचा दांडा बारीक होता आणि चाचणीत जाड कडी मिळणार होती. "मुठीला सवय लागायला हवी ती जाडीची." शेवटी एका कोपऱ्यात ओतीव लोखंडाची एक जोडी सापडली. काळा रंग ओबडधोबड, अंगावर पांढऱ्याने २४. तिने व्हर्नियर लावून कडी मोजली. बूड सपाट आहे का ते फरशीवर ठेवून पाहिलं. कडीच्या आतल्या बाजूला ओतकामाची धार राहिली होती. "ही कानशीने घासून घेऊ, नाहीतर तळहात कापेल."

"एवढी स्वस्त कशी?" धाकटीने विचारलं.

"इथल्याच भट्टीतली आहे. शिक्का नाही, चमक नाही. पण लोखंड ते लोखंडच की!" तो म्हणाला.

"वजन बरोबर आहे?" धाकटीने पुढे विचारलं.

"लिहिलंय ना त्यावर."

"लिहायला काय, मीही लिहीन," थोरली म्हणाली. "आठ दिवसांत परत घेणार असाल तर नेते. मी तोलून बघणार आहे."

"खुशाल तोला, मॅडम. मलाही तोला."

दुसऱ्या दिवशी तिने जोडी चाकांच्या बॅगेत घालून कामावर नेली आणि जेवणाच्या सुट्टीत मोठ्या काट्यावर चढवली. एकवीस किलो तीनशे ग्रॅम. दुसरी एकवीस किलो शंभर. ओततानाच पोकळी राहिली होती, किंवा मुद्दाम ठेवली होती. तिने दोन्ही आकडे सवयीने कागदावर लिहिले. त्या लठ्ठ विक्रेत्याला संध्याकाळी कसं सुनवायचं, याची वाक्यंही जुळवली.

त्याच दुपारी साहेबांनी तिला बोलावून घेतलं होतं. मुख्य प्रयोगशाळेत दोन वर्षांची जागा होती, दुसऱ्या शहरात. अशी जागा पुन्हा येणार नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. कळवायला साडेचार महिन्यांची मुदत होती. "घरी विचारते," ती म्हणाली. विचारायचं काय होतं? धाकटी पास झाली की वर्षभर दलाच्या वसतिगृहात जाणार, पुढे बदली होईल तिथे. मग आईजवळ उरणार कोण, हे सांगायला साहेबांची गरज नव्हती.

तरीही ती संध्याकाळी घरी आली ती खरं सांगायच्या तयारीनेच. जिन्यावरून बॅग ओढत वर आली, दाराशी दम खायला थांबली. आत धाकटी मैत्रिणीशी फोनवर बोलत होती.

"अगं, आईचं ताई बघेल की! तिला काय? ना नवरा, ना पोर. कामावर जायचं, घरी यायचं. तिला कुठे जायचंय? ती म्हणजे यंत्र आहे गं, तेलही घालावं लागत नाही!"

आणि हसली. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. तेच थोरलीला जास्त लागलं.

"झालं का तोलून?" तिला पाहताच धाकटीने फोन ठेवला.

"झालं."

"किती भरली?"

"चोवीस. एक वीस ग्रॅम जास्त, एक दहा कमी."

सोळा वर्षांत तिने पहिल्यांदा खोटा आकडा सांगितला. नुसतं चोवीस म्हटलं असतं तर कदाचित स्वतःलाच पटलं नसतं. ग्रॅमांनी त्याला वजन आलं.

"ताई, तू म्हणजे ना!" धाकटीने तिला मिठी मारली.

दोन दिवसांनी धाकटी पळायला गेली असताना आईने हाक मारली. आईने तीस वर्षं कोपऱ्यावरचं धान्याचं दुकान चालवलं होतं. डावा हात गेला, बोलणं जरा जड झालं, पण उजवा हात आणि डोकं शाबूत होतं.

"मोठे, तो गोळा इकडे आण. त्या स्टुलावर ठेव."

थोरलीने ठेवला. आईने उजव्या हाताने कडी धरली आणि गोळा एका बाजूला कलता केला, पुन्हा सरळ केला, पुन्हा कलता केला. दुकानात आलेलं पोतं ती असंच कलतं करून बघायची. उचलायची गरज पडत नसे आणि आडत्याशी भांडण मात्र ती जिंकायची.

"एकवीस," आई म्हणाली. "फार तर वर पाव-अर्धा."

थोरलीने गोळ्यावरच्या पांढऱ्या २४ कडे पाहिलं.

"तू तोललंस ना?"

"हो."

"परत नाही केलंस."

"नाही."

आईने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. भाव करताना समोरच्याचा शेवटचा आकडा किती, हे बघायची ती नजर होती. मग म्हणाली, "माझी उशी सरळ कर."

एवढंच. थोरलीने उशी सरळ केली. आईला आपला बेत कळला आणि तो तिला मान्य आहे, असं तिने धरलं. आई आपल्या बाजूची आहे असं तिला जन्मात पहिल्यांदाच वाटलं.

मग तिने धाकटीला मन लावून तयार केलं. ही गोष्ट बाहेरच्या कोणाला सांगितली तर खरी वाटायची नाही. मजल्यावरची गॅलरी बारा मीटर होती. पाच फेऱ्या म्हणजे साठ. थोरली सकाळी घड्याळ लावून दाराशी उभी राहायची. अंडी उकडून द्यायची, सोललेल्या तळहातांना मलम लावायची. "चल पैलवान, खांदे मागे! मान काय गाईसारखी घालतेस?" शेजारीण म्हणाली, अशी बहीण मिळायला नशीब लागतं. थोरलीने मान डोलावली. आलेखाच्या कागदावर ती दर आठवड्याचे मीटर टिंबांनी मांडायची आणि त्याखाली, दुसऱ्या कागदावर, खऱ्या चोवीस किलोला किती होतील त्याचा हिशेब.

पहिल्या महिन्यात धाकटी तीस मीटरला कोलमडायची. तिसऱ्यात साठ झाले. त्या दिवशी ती गॅलरीत फतकल मारून रडली आणि मग आईला उचलून तिने खोलीभर गिरकी घेतली. आई लहान मुलीसारखी किंचाळली.

"ताई, आता हलकं वाटायला लागलंय. आणखी जड घेऊ का?"

"चोवीसचीच चाचणी आहे ना? उगाच पाठ मोडून बसशील."

चाचणीला तीन आठवडे राहिले तेव्हा धाकटीने सहा फेऱ्या मारल्या. बहात्तर मीटर. थोरलीने आपल्या कागदावर बघितलं: खऱ्या वजनाला अठ्ठावन्न. दोन मीटर काय, माणूस हट्टाने काढतं. समोर लोक ओरडत असतील तर चारही काढेल. तिने पेन्सिल खाली ठेवली. आतापर्यंत तिने फक्त एक आकडा चुकीचा सांगितला होता. बाकी सगळं स्वतःला माफ करण्याजोगं होतं.

"आता बंद," ती बाहेर येऊन म्हणाली.

"म्हणजे?"

"स्नायू भरून यायला विश्रांती लागते. चाचणीपर्यंत हात लावायचा नाही."

"तीन आठवडे? ताई, नक्की?"

"विज्ञान तू शिकलीस का मी?"

धाकटीने ऐकलं. ती ताईचं नेहमीच ऐकायची. चार-पाच दिवसांची विश्रांती पुरली असती. तीन आठवड्यांत मूठ सैल पडते, हे कोणत्याही पुस्तकात सापडलं असतं. पण घरात पुस्तक थोरली होती.

चाचणीच्या दिवशी थोरली कामावर रजा टाकून आईजवळ थांबली. धाकटी दुपारी परत आली. बूट न काढता ती आईच्या पलंगाशी जमिनीवर बसली. दोन्ही हात तिने मांडीवर उताणे ठेवले होते.

"चोपन्नला मुठी उघडल्या," ती म्हणाली. "सहा मीटर राहिले होते. रेघ दिसत होती मला. उचललं तेव्हाच कळलं, काहीतरी वेगळंच आहे. जड. घरी असं कधीच लागलं नव्हतं."

"घाबरलीस," थोरली म्हणाली. "भीतीने वजन वाढतं. असं होतं."

"हो ना. घाबरलेच मी." धाकटीने नाक पुसलं. "एवढं तू केलंस आणि मी तिथे जाऊन माती खाल्ली."

आईने उजवा हात लांबवून तिच्या डोक्यावर ठेवला. "जाऊ दे गं बाळा. मी आहे ना."

आठवड्याने थोरलीने साहेबांना होकार कळवला. घरी सांगायच्या दिवशी तिने धाकटीला मुद्दाम औषधं आणायला पाठवलं आणि आधी आईशी बोलली. तिला वाटलं होतं, आई म्हणेल की बरं झालं, तुझंही आयुष्य आहे. किंवा निदान त्या स्टुलावरच्या गोळ्याबद्दल दोघींमध्ये एखादा शब्द होईल.

"दोन वर्षं," थोरली म्हणाली. "मग बघू."

"जा."

"तुला चालेल?"

"न चालायला काय झालं? दोघींतली एक जाणार, हे ठरलेलंच होतं. जायची ती गेली म्हणजे झालं."

थोरलीला नीट ऐकू आलं होतं. तरी तिने विचारलं, "म्हणजे?"

"तू मला उचलतेस तेव्हा मी पोतं असते, मोठे. कंबरेखाली हात घालतेस, कोन बघतेस, ठेवतेस. चूक नाही होत तुझ्याकडून. पण ती उचलते तेव्हा मी आई असते." आई थांबली, जड जीभ फिरवून पुढचं नीट बोलली. "ती गेली असती आणि तू उरली असतीस, तर मी सहा महिनेही काढले नसते. म्हणून गप्प बसले. तू तुझ्यासाठी केलंस, मी माझ्यासाठी. आता रडू नकोस, तुला शोभत नाही."

थोरली रडत नव्हती. आईला तसं वाटलं असावं, किंवा तिला ते पाहायचं असावं.

दोन दिवसांनी निघायची तयारी झाली. आईने डोळे मिटून घेतले होते. झोपली होती की नाही, कोण जाणे. धाकटीने बॅग उचलली. एका हाताने, सहज, मधल्या माळ्यावर न थांबता ती रस्त्यापर्यंत घेऊन गेली. टॅक्सीवाला म्हणाला, "दमदार आहात हो!" त्यावर ती कसनुसं हसली.

थोरली आत बसली. धाकटी खिडकीशी वाकली. चार महिन्यांत तिचे खांदे रुंद झाले होते. पुढची वर्षानुवर्षं आईला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर नेताना तिला आता दम लागणार नव्हता.

"ताई, एक विचारू? रागावू नकोस. तू रोज बघत होतीस, लिहीत होतीस. खरं सांग. ते मला जमण्यासारखं होतं का गं? म्हणजे मी घाबरले नसते, तर? नाहीतर हे असंच डोक्यात राहील माझ्या. सहा मीटर, सहा मीटर."

थोरलीच्या पर्समध्ये दोन्ही कागद घडी करून ठेवलेले होते. बरोबर वजनावर सराव झाला असता, तर धाकटी किती मीटर गेली असती, तोही आकडा तिने काढलेला होता. पासष्टच्या खाली तो कुठेच येत नव्हता.

"नव्हतं," ती म्हणाली. "सोडून दे तो विचार."

धाकटीने सुटकेचा श्वास सोडला आणि तिचा हात दाबला.

"बरं झालं विचारलं," ती म्हणाली, आणि आईची खुर्चीत बसायची वेळ झाली म्हणून घाईघाईने जिना चढू लागली.