बंदरावरचा नमस्कार

परिषदेला जायची परवानगी मला तिसऱ्याच दिवशी मिळाली, तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. शाळेचं छप्पर गळतंय म्हणून मी चार वर्षं अर्ज करत होतो, त्याला कुणी साधी पोच दिली नव्हती. आणि रत्नागिरीला प्राथमिक शिक्षकांची परिषद भरतेय, मला पाठवा, म्हटल्यावर लगेच हुकूम. पण सन चव्वेचाळीसच्या त्या थंडीत मी असला विचार करायच्या मनःस्थितीत नव्हतो. माझा मुलगा कृष्णात रत्नागिरीच्या बंदरावर हमाली करत होता.

बेचाळीसच्या ऑगस्टात तो घरातून गेला तो गेलाच. भूमिगतांना जाऊन मिळाला. इस्लामपूरजवळच्या आमच्या घरी पोलीस महिन्यातून दोनदा यायचे आणि जोंधळ्याची कणगी उपसून बघायचे. दोन वर्षांनी एका पाव्हण्यानं माझ्या बायकोच्या, बनुबाईच्या, कानावर घातलं की पोरगा बंदरात कौलं वाहतोय. तेव्हापासून तिनं माझा पिच्छा पुरवला.

"आवं, तुमी मास्तर मानूस. तुमास्नी कोन आडवतंय? जावा आन् नुसतं बघून या. जिता हाय का न्हाई तेवढं सांगा मला."

मोटार कोल्हापूरवरून आंबा घाटानं जायची. लढाईमुळं पेट्रोल नव्हतं, गाडी कोळशाच्या गॅसवर चाले आणि चढ आला की आम्हीच उतरून चालायचो. कोल्हापुरात माझ्याशेजारी एक जण येऊन बसला. काळा कोट, नवी टोपी. आपण तासगावकडचे शिक्षक, नाव आप्पासो, परिषदेलाच निघालोय, असं म्हणाला. सोबत झाली म्हणून मला बरं वाटलं. घाटात मी सहज विचारलं, "तुमची पोरं पाऊणकी किती दिवसांत पाठ करतात?"

"आठ दिवसांत," तो म्हणाला.

वीस वर्षं मी पोरांकडून पाढे घोकून घेतले. पाऊणकी तीन महिन्यांच्या आत त्यांच्या बापालाही आली नसती. मग मी नीट निरखून बघितलं. धोतर वर सरकलं होतं आणि त्याच्या पोटऱ्यांवर पट्ट्या गुंडाळल्याचे वळ होते. तो पोलीस होता. परवानगी का मिळाली ते आता कळलं. शिकाऱ्यानं कुत्रं पुढं सोडावं तसं मला सोडलं होतं, वास काढत पोराकडं नेण्यासाठी.

मंडपात दोन दिवस भाषणं झाली. शारीरिक शिक्षणावर एक गृहस्थ दीड तास बोलले. मी मनाशी ठरवलं, बंदराकडं फिरकायचं नाही. पाच मिनिटांनी ठरवलं, लांबून बघायचं. परत ठरवलं, नाही. मांडी बदलून बदलून पायांना मुंग्या आल्या. आप्पासो माझ्या मागच्याच ओळीत असायचा, आणि मी पाणी प्यायला उठलो की त्यालाही तहान लागायची. त्याची मला भीती वाटत नव्हती, नुसता संताप येत होता.

भीती वाटत होती ती कृष्णातची. वडीलधारं माणूस दिसलं की हातातलं काम टाकून पायावर डोकं ठेवायचं, हे वळण त्याला मीच लावलेलं. विसरला तर छडी काढायचो. मी दिसलो की तो विचार करायच्या आधीच वाकेल, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि हमाल परक्या मास्तराच्या पाया पडत नाही, हे कळायला पोलिसाला फार शिकावं लागत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी स्वागत मंडळ सगळ्यांना बंदर दाखवायला निघालं. माझं पोट बिघडलंय, मी मागं राहतो, म्हणालो. "मग मीबी थांबतो सोबतीला," आप्पासो म्हणाला. थांबलो तर संशय, गेलो तर धोका. पण खरं सांगायचं तर माझे पाय कधीच निघाले होते.

तिथल्या एका शिक्षकानं किल्ला दाखवला, दीपगृह दाखवलं, जुन्या काळी कुठकुठली गलबतं यायची ते सांगितलं. मी जन्मात पहिल्यांदा समुद्रापुढं उभा होतो आणि मला समुद्र दिसतच नव्हता. मी दिसेल त्या उघड्या पाठीकडं बघत होतो.

तो धक्क्यावर दिसला. मचव्यात कौलांची पाटी रिकामी करून फळीवरून मोकळाच परतत होता. दाढी वाढलेली, उन्हानं काळा ठिक्कर पडलेला, उजव्या खांद्याची सालं निघालेली. पण जिता होता. चार हातांवर आल्यावर त्यानं मला ओळखलं, डोक्यावरची चुंबळ काढली आणि तो वाकला.

आप्पासो माझ्या खांद्याशी उभा होता.

"डोळं फुटलं का रं तुझं?" मी ओरडलो. "पाय तुडिवलास की माझा."

सगळे वळून बघायला लागले. कृष्णात वाकलेला तसाच थांबला. मग त्याला उमगलं. कुणाला चुकून पाय लागला की आपण हात लावून नमस्कार करतो, तसा त्यानं माझ्या पावलाला हात लावला. "चुकलं, मालक," म्हणाला. तेवढ्यावर उठायचं होतं त्यानं. पण त्या गाढवानं दोन्ही हातांनी माझे दोन्ही पाय धरले आणि सोडीना. त्याच्या हातांचे घट्टे मला लागत होते. त्याच्या डोक्यावर हात ठेवावा असं इतकं वाटलं की मी हात पाठीमागं बांधून घेतले. आप्पासो त्याचं तोंड बघायला पुढं सरकला.

मी पाय झटकला. "मर जा तिकडं," म्हणालो.

तो उठला, खाली मान घालून कौलांच्या ढिगाकडं गेला. एकदाही वळून बघितलं नाही.

"येवढं काय, गुरुजी," आप्पासो म्हणाला. "गरीब हमाल हाय. चुकून पडला पाय." पोलीस मला माणुसकी शिकवत होता आणि मी गप ऐकून घेत होतो. परतीला कोल्हापूर आल्यावर तो कंटाळून उतरून गेला.

घरी पोचलो तेव्हा बनुबाई चुलीपुढं भाकरी करत होती. मी दार लोटून तिला सांगायला लागलो. जिता हाय म्हटल्यावर ती रडायला लागली, आणि तो वाकला म्हटल्यावर रडता रडता हसली.

"पाया पडला? माझं लेकरू ते." तिनं पदरानं डोळे पुसले. "आन् तुमी काय म्हनलासा त्येला?"

औक्षवंत हो म्हणालो, असं सांगता आलं असतं. परमुलखात पोलिसापुढं सोंग काढलं होतं, घरात ते निघेना.

"मर जा म्हनलं," मी म्हणालो. "पोलीस खांद्याला खांदा लावून हुता गं."

तव्यावरची भाकरी करपली. तिनं ती उलटली नाही. माझ्याकडं बघितलंही नाही. तवा खाली उतरवून म्हणाली, "उद्याच्या मोटारीनं माघारी जावा. त्येला नीट आशीर्वाद देऊन या."

परत गेलो तर पोराला धरून दिल्यासारखंच होईल, हे मी तिला सांगितलं. तिलाही ते कळत होतं. तरी पहाटे उठून ती माझ्या वाटेसाठी भाकरी थापायला बसली. मीही कोट चढवला, टोपी घातली आणि मोटारीची वेळ टळून जाईपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिलो.